वळणाआधीची दोन पावलं

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" नायगारा नाही पाहिला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नाही पाहिला. व्हाइट हाउस पाहिलं, पण धावत्या गाडीतून, आणि सूनबाई सांगते की ती मागची बाजू होती. मी एका मुलाला पळताना पाहिलं, असं सांगितलं की लोक हसतात. एवढे पैसे खर्चून पळणारा मुलगा बघायला अमेरिकेला जायचं? तर त्याचीच ही हकीगत.

मी सुनंदा. सांगलीत मुलींच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली आणि खो-खोचा संघ सांभाळला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पर्समध्ये शिट्टी आणि स्टॉपवॉच असतंच. चष्मा घरी विसरेन, शिट्टी नाही.

हर्नडन

माझा मुलगा अनिकेत व्हर्जिनियात हर्नडन गावी असतो. फेब्रुवारीत सुनेचा फोन आला. मृणाल नागपूरची, उगीच रडगाणं गाणारी नव्हे. म्हणाली, "आई, तुम्ही येऊनच जा. हा धड जेवत नाही, दिवसभर नुसता स्क्रीनकडे बघून राहिला." मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे पोचले.

हर्नडनमध्ये आपण परदेशात आहोत हे पटायला दोन दिवस लागले. त्यांच्या इमारतींच्या भोवती फिरायला फरसबंद वाट आहे आणि संध्याकाळी पाच वाजता तिथे स्वेटरवर स्वेटर घातलेले आपल्याकडचे आजी-आजोबा गोल गोल फिरत असतात. साडी आणि खाली पांढरे बूट. पहिल्याच दिवशी एका हैदराबादच्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, "बेटे के पास आयी हो या बेटी के पास?" तिकडे म्हाताऱ्यांची ओळख एवढीच. मी म्हटलं, बेटे के पास, और वो कुछ खाता नहीं. त्यांनी लगेच लोणच्याची बाटली आणून दिली.

अनिकेत खरंच वाळला होता. विचारलं तर, "काही नाही गं, काम आहे थोडं." तीस वर्षं मुली मला "बाई, काही नाही, पाय थोडा दुखतोय" असं सांगत आल्या. त्यातल्या निम्म्यांचा पाय मुरगळलेला असायचा. मी चौथ्या दिवशी थालीपिठाचा तवा उतरवला, गॅस बंद केला आणि म्हटलं, "सांगितल्याशिवाय लोणी मिळणार नाही."

मग बोलला. आधी तो मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. दीड वर्षापूर्वी ते सोडून सहा माणसांच्या एका छोट्या कंपनीत गेला. ती कंपनी एका व्यावसायिक फुटबॉल संघाला सल्ला देते. हे फुटबॉल म्हणजे आपलं नव्हे. यांचा चेंडू लांबट, हातात धरून पळायचा, आणि समोरचे दहा-अकरा राक्षस अंगावर येतात. त्यात चेंडू पोटाशी दाबून त्या गर्दीत घुसणारा जो गडी असतो त्याला रनिंग बॅक म्हणतात. कॉलेजात असे शेकडो मुलगे वाऱ्यासारखे पळतात. पण कॉलेजातला तो वेग पुढे व्यावसायिक खेळात टिकतो का? कोणाचा टिकतो, कोणाचा नाही? हे आकडेमोड करून सांगायचं, हे माझ्या मुलाचं काम.

"आणि गेल्या वर्षी आम्ही सांगितलेला मुलगा फेल गेला, आई. फास्टेस्ट होता. सीझनभर बेंचवर बसला," अनिकेत म्हणाला. "या वर्षी अजून एक आहे, डेव्हन. माझा बॉस ग्रेग त्याच्या प्रेमात आहे. टीमला पण तोच हवाय. आणि माझं मॉडेल म्हणतंय, याचा स्पीड टिकणार नाही."

"मग सांग तसं."

"का टिकणार नाही ते मला माहीत नाही ना! नंबर येतोय, कारण येत नाहीये. ग्रेग म्हणतो, कारण दे नाहीतर हो म्हण. याच रिपोर्टवर आमचं कॉन्ट्रॅक्ट आहे यार. ते गेलं तर पहिली माझी नोकरी जाईल. आणि नोकरी गेली की व्हिसाचे साठ दिवस उरतात, आई. साठ दिवसांत दुसरी नाही मिळाली तर बॅगा भरायच्या."

 मी गॅस लावला आणि म्हटलं, "जेव आधी." त्यानं एक थालीपीठ खाल्लं, तेही अर्धं टाकून.

दरीतला रस्ता

पुढच्या आठवड्यात डेव्हनच्या कॉलेजात एक दिवस ठरला होता. पुढे व्यावसायिक संघात जायची इच्छा असलेली मुलं त्या दिवशी संघांच्या माणसांसमोर पळून दाखवतात, उड्या मारून दाखवतात. अनिकेतला दोन पास मिळाले होते. ग्रेगला जमत नव्हतं आणि मृणालला ऑफिस होतं. मी म्हटलं, मी येते. अनिकेतनं आधी नाही म्हटलं, मग माझ्याकडे बघून हो म्हटलं.

नैर्ऋत्येला पाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे लांबलचक दरी. गवत अजून पिवळं, झाडं उघडी, पण मधूनच एखादं झाड पानं यायच्या आधीच जांभळ्या-गुलाबी फुलांनी लगडलेलं. काळ्या गाई इतक्या स्वच्छ की त्यांना आंघोळ घालून उभं केलंय असं वाटावं. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. मी अनिकेतला विचारलं, "या गाईंचं बघतं कोण?" तो खूप दिवसांनी हसला.

दुपारी एका साध्या खानावळीत थांबलो. वाढणाऱ्या मुलीनं मला "हनी" म्हटलं, अनिकेतलाही "हनी" म्हटलं आणि शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही. अंड्यांबरोबर एक पांढरा लगदा आला. चाखला, तर मक्याच्या कण्या! माझी आजी ताकाबरोबर कण्या खायची, त्यांच्या सख्ख्या बहिणी. फक्त यांनी त्यात मीठ आणि लोणी सोडून काही घातलेलं नव्हतं. मी पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढली. अनिकेतनं कपाळावर हात मारला आणि मग आपलंही ताट पुढे केलं.

गाडीत बसताना म्हणाला, "आई, उद्या एक लक्षात ठेव. आपण बघायला चाललोय. बघायचं, लिहायचं, निघायचं. कोणाशी काही बोलायचं नाही. हे सगळं कॉन्फिडेन्शियल असतं."

"मी काय बोलणार आहे? मला त्यांचा खेळ तरी कळतो का?" मी म्हटलं. आणि खरंच तसं वाटत होतं मला.

पोह्यांचा भोंगा

आम्ही उतरलो होतो त्या मोटेलच्या खोलीत छोटी शेगडी होती. सकाळी साडेसहाला मी पोहे करायला घेतले. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, हिंग पडला, आणि छतावरचं काहीतरी किंचाळायला लागलं. नुसतं आमच्या खोलीतलं नव्हे, सगळ्या मोटेलचं! अनिकेत दाढीचा साबण तोंडाला लावून बाथरूममधून धावत आला. "आई! स्मोक अलार्म! बाहेर हो!"

पाच मिनिटांत सगळं मोटेल पार्किंगमध्ये. कोणी ब्लँकेट गुंडाळून, कोणी एका पायात मोजा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅनेजरला तीनदा सॉरी म्हटलं. तो बिचारा ठसक्यामुळे डोळे पुसत "इट्स ओके, मॅम" म्हणत होता.

शेजारच्या खोलीतली बाई माझ्याजवळ आली. कृष्णवर्णीय, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, डोक्याला चमकदार टोपी, पायात फुलाफुलांच्या सपाता. म्हणाली, "हे तुम्ही शिजवत होतात ते काय? वास फार छान येतोय." तिचं नाव लॉरेटा. शाळेची बस चालवते. मी म्हटलं, मी शाळेत शिकवायचे. मग काय, शाळेतल्या दोघी भेटल्यावर पोरांच्या तक्रारी सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि एकमेकींचे फोन नंबर घ्यायलाही.

तेवढ्यात तिच्या मागून एक मुलगा आला. उंचीला बेताचा, पण मांड्या अशा की एकेक मांडी म्हणजे तालमीतला खांब. "मॅम, नाश्ता उरलाय का?" त्यानं विचारलं. लॉरेटानं त्याच्या दंडावर चापटी मारली. "पळायच्या आधी नवीन काही पोटात जाणार नाही!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आधी पळ. मग ये, पोहे देते."

"येस, मिस सुनंदा," तो म्हणाला. तिकडे दक्षिणेकडे मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, आधी 'मिस' लावतात. आपल्या ताई, मावशीसारखंच. मला फार बरं वाटलं.

खोलीत परतल्यावर अनिकेत पांढरा पडला होता. साबणामुळे नव्हे. "आई," तो म्हणाला, "तो डेव्हन होता."

चाळीस यार्ड

मोठ्या शेडसारखं छप्पर असलेलं हिरवं मैदान. बाजूला टोप्या घातलेली, हातात घड्याळं घेतलेली पन्नासेक माणसं. लॉरेटा पलीकडे पालकांच्या बाकांवर, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. मीही माझं स्टॉपवॉच काढलं.

पहिली शर्यत चाळीस यार्डांची, एकट्यानं पळायची. डेव्हन रेषेवर वाकला. मी अंगठा बटणावर ठेवला. आमच्याकडे शिस्त अशी की पिस्तुलाचा धूर दिसला की घड्याळ सुरू. आवाजावर नाही, धुरावर. मी डोळ्यात तेल घालून धूर शोधत राहिले, आणि आजूबाजूच्या पन्नास माणसांनी घड्याळं बंद केली. मुलगा पलीकडे पोचला होता! तिथे पिस्तूल नाही, शिट्टी नाही, "रेडी" म्हणणारा माणूस नाही. मुलगा आपला आपण वाकतो आणि मनात येईल तेव्हा सुटतो. तीस वर्षांच्या नोकरीत एवढी फजिती झाली नव्हती.

दुसऱ्या वेळी मी त्याच्या हाताकडे बघून घड्याळ लावलं. आकडा बघून विश्वास बसेना. साडेचार सेकंदांच्या आत! बाप रे, काय पळाला तो. सुटला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टोपीवाले एकमेकांकडे बघून हसत होते. फक्त माझ्या शेजारी अनिकेत खाली बघत होता.

"फास्ट आहे," तो पुटपुटला. "सगळ्यांना दिसतंय फास्ट आहे. मी काय सांगू आता?"

मग गाद्या मांडल्या. उभ्या गाद्यांमधून नागमोडी वळत जायचं. हे बघताना मात्र मी पुढे सरकून बसले, कारण खांबाला वळसा घालणं माझ्या ओळखीचं होतं. आणि दिसलं! पहिल्याच वळणाला दिसलं. वळायच्या आधी डेव्हन दोन छोटी पावलं टाकत होता. टक-टक. ब्रेक. मग वळायचा, मग पुन्हा वेग घ्यायचा. मागून आलेला दुसरा मुलगा घड्याळावर हळू होता, पण तो एकदाही ब्रेक मारत नव्हता, वळता वळताच वेग घेत होता.

मी अनिकेतचा दंड धरला. "अरे, पाय बघ त्याचे! वळायच्या आधी दोन पावलं वाया घालवतो. मोकळ्या मैदानात खपून जातं ते. पण पलीकडचे सगळेच पळणारे असतील तर त्या दोन पावलांतच धरतील ना याला."

 अनिकेतनं लॅपटॉप काढला, डेव्हनच्या जुन्या सामन्यांचे तुकडे लावले. एक, दोन, पाच, नऊ. प्रत्येक वळणाला टक-टक. कॉलेजात त्याचे साथीदार समोरचा रस्ता एवढा मोकळा करून द्यायचे की तेवढ्या वेळात कोणी पोचायचंच नाही.

"आई," तो म्हणाला, "आई, हेच आहे गं ते. चार महिने हेच शोधत होतो."  भर मैदानात टोपीवाल्यांच्या समोर त्यानं मला मिठी मारली. मोटेलवर परतताना वाटेत दोन बर्गर खाल्ले आणि खोलीत जाऊन लिहायला बसला. मला वाटलं, सुटलो.

पार्किंग

तीन वाजता लॉरेटा आणि डेव्हन पोह्यांना आले. अनिकेत आत लिहीत होता, म्हणून मी पोहे बाहेरच घेऊन गेले. पार्किंगच्या कडेला एक लाकडी टेबल होतं. या वेळी मी फोडणी खिडकी उघडून, पंखा लावून, देवाचं नाव घेऊन केली होती. डेव्हननं तीन वाट्या पोहे संपवले. लॉरेटानं लिंबू पिळून बोट चाटलं आणि मग एकदम म्हणाली, "तुम्ही धावायला शिकवायचात म्हणता. तुम्ही बघितलंत त्याला. मला खरं सांगा."

मी म्हटलं, "फार फास्ट आहे तुमचा मुलगा."

"तेच सांगतात सगळे," ती म्हणाली. "चार वर्षं तेवढंच सांगतायत. मी रोज पहाटे बस काढते तेव्हा हाच विचार करते. सगळे एकच सांगत असतील तर काहीतरी आहे जे कोणी सांगत नाही."

आता तुम्हाला वैशालीबद्दल सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी वैशाली माझ्या संघात होती. तिच्याएवढं वेगानं पळणारी मुलगी ना आधी आली ना नंतर. तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळेत पेढे वाटले, तिच्या वडिलांनी गल्लीत. वैशाली खांबाजवळ आली की दोन पावलं ब्रेक मारायची. मला दिसत होतं. सगळे एवढे खूश होते की मी म्हटलं, कशाला मिठाचा खडा टाकायचा, शिबिरात शिकवतील. शिबिरात शिकवायला कोणाला वेळ होता? चौथ्या दिवशी तिला परत पाठवलं. ती पुन्हा मैदानावर आली नाही. मला रस्त्यात दिसली की मान खाली घालायची. मान खरं तर मी खाली घालायला हवी होती.

लॉरेटा माझ्याकडे बघत होती. अनिकेतचं "कोणाशी काही बोलायचं नाही" माझ्या कानात होतं, खोटं कशाला बोलू. तरी मी तोंड उघडलं. "वळायच्या आधी तो दोन पावलं ब्रेक मारतो," मी म्हटलं.

डेव्हन हसला. "नो, मॅम. मी कधीच थांबत नाही."

बस! मी उठले. पायातल्या कोल्हापुरी चपला काढल्या. पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या अलीकडे, बरोबर त्याची ती दोन पावलं जिथे पडतील तिथे एकेक चप्पल ठेवली. शिट्टी काढली. "पळत ये, खांबाला वळसा घाल. चपलेवर पाय पडला की आऊट."

तो मजेत पळत आला. चप्पल उडून गाडीखाली गेली. मी शिट्टी फुंकली. "आऊट! अगेन."

दुसऱ्यांदा पाय पडला. तिसऱ्यांदा पडला. पाचव्यांदा त्याचं हसू गेलं. सातव्यांदा तो स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला, जणू ते पाय दुसऱ्याचे आहेत. मी हातवारे करून दाखवलं, आधीच खांदा झुकव, आतला पाय लांब टाक, थांबू नकोस. साठी उलटलेली बाई अनवाणी पायांनी दिव्याच्या खांबाला वळसे घालतेय आणि तो धष्टपुष्ट मुलगा वाकून बघतोय. लॉरेटा तोंडावर हात ठेवून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

अकराव्या वेळी चप्पल जागची हलली नाही. बाराव्या वेळीही नाही. लॉरेटानं अशी आरोळी ठोकली की मॅनेजर पुन्हा धावत बाहेर आला. आणि त्याच्या मागे अनिकेत.

त्यानं चपला बघितल्या, खांब बघितला, माझ्या हातातली शिट्टी बघितली.  "आई, निघायचंय," एवढंच म्हणाला.

 गाडीत तासाभरानं तो भडकला. "काय केलंस तू! आपण त्याला जज करायला आलो होतो, शिकवायला नाही! तो रिपोर्ट कंपनीचा आहे, तुझा-माझा नाही! त्यातली गोष्ट तू त्याच्या आईला सांगितलीस! उद्या कळलं तर ग्रेग मला दारात उभा करणार नाही. तुझं काय जातंय गं? तुला रिटर्न तिकीट आहे!"

त्याचं सगळं खरं होतं. मला रडू आलं आणि मी रडले. मग वैशालीची गोष्ट सांगितली, जी मी घरात कधीच कोणाला सांगितली नव्हती. तो ऐकत होता की नाही माहीत नाही. पण पुढच्या पंपावर थांबला तेव्हा दोन चहा घेऊन आला. कागदी पेल्यात गरम पाणी आणि त्यात लोंबणारी पिशवी, त्याला तिकडे चहा म्हणतात. आणि म्हणाला, "चपला कुठायत तुझ्या?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी अनवाणीच गाडीत बसले होते.

पुन्हा हर्नडन

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिकेतनं ग्रेगला फोन लावला. मी म्हटलं, लपव, सांगू नकोस, मीच मूर्ख. तो म्हणाला, "लपवलं तर तुझ्यासारखी बावीस वर्षं घेऊन बसेन." लागलं मला ते, पण लागायलाच हवं होतं. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. दोन पावलं, खांब, चपला, शिट्टी, आई. मृणाल आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मृणालनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

 मग ग्रेगनं विचारलं, "किती प्रयत्न लागले त्याला?"

"काय?" अनिकेत म्हणाला.

"जमायला. किती प्रयत्न लागले?"

"अकरा."

"आणि बाराव्यांदा?"

"बाराव्यांदाही जमलं."

"मग ते लिही ना," ग्रेग म्हणाला. "वेग आहे तसा टिकणार नाही, का टिकणार नाही, आणि पंधरा मिनिटांत फरक पडतो. टीमला दुसरं काय हवं असतं?" मग म्हणाला, "आणि हे पुन्हा होता कामा नये. पुढच्या वेळी तुझ्या आईला आधी ऑफिसात आण. गुप्ततेच्या कागदावर सही घेऊ."

अनिकेतनं फोन ठेवला आणि जमिनीवरच बसला. मृणाल हसत रडत होती. मी देवाला हात जोडले, ग्रेगला जोडले, त्या हैदराबादच्या बाईंच्या लोणच्यालाही जोडले. त्या दिवशी माझ्या मुलानं चार थालीपिठं खाल्ली, लोण्यासकट. महिनाभरानं कॉन्ट्रॅक्ट नवीन झाल्याचं कळलं, पण मला खरं सुटल्यासारखं त्या चौथ्या थालीपिठालाच वाटलं होतं.

मिरज

एप्रिलच्या मध्यावर मी परत आले. महिनाअखेर अनिकेतचा फोन आला. तिकडे व्यावसायिक संघ पाळीपाळीनं कॉलेजातली मुलं निवडतात, त्यात डेव्हनला घेतलं, पण अगदी शेवटच्या फेरीत, आणि अनिकेतच्या संघानं नाही, दुसऱ्याच कोणी. "टिकेल का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "सप्टेंबरला सीझन सुरू झाला की कळेल, आई. पण मॉडेल आता आधीसारखं नाही म्हणत नाहीये."

दोन दिवसांनी लॉरेटाचा व्हिडिओ आला. तिच्या घरामागचं अंगण, मधे एक खांब, खांबाच्या अलीकडे माझ्या कोल्हापुरी चपला. डेव्हन येतो, वळतो, जातो. चपला जागच्या जागी. पुन्हा येतो, पुन्हा जागच्या जागी.

तो व्हिडिओ घेऊन मी मिरजेला गेले. वैशाली तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. पत्ता कित्येक वर्षं माहीत होता. दार तिनंच उघडलं, नुकतीच ड्युटीवरून आलेली, पांढऱ्या कपड्यांत. "बाई! तुम्ही?" मी बसलेसुद्धा नाही. उंबऱ्याशीच फोन पुढे केला.

तिनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "बाई, ही चप्पल माझ्या वेळी का नाही ठेवलीत?"

"तुझ्यानंतर सुचली," मी म्हटलं. "तुझ्यामुळेच सुचली. मला दिसत होतं वैशाली. मी बोलले नाही. चुकलं माझं."

 मला वाटलं, आता दार लावेल. तिनं चपला पायात सरकवल्या, मला हाताला धरून खाली अंगणात नेलं. तिची स्कूटर लावलेली होती. स्कूटरच्या अलीकडे दोन पावलांवर तिनं आपल्या चपला काढून ठेवल्या, ओढणी कमरेला बांधली आणि फाटकापर्यंत मागे गेली.

अडतीस वर्षांची वैशाली पळत आली. अजून काय पळते ती! स्कूटरजवळ आली, टक-टक, आणि चप्पल उडून भिंतीला लागली.

"अजून ब्रेक मारते मी बाई!" ती वाकून, धापा टाकत हसत होती. गालांवर पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही.

मी पर्समधून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

"आऊट," मी म्हटलं. "परत."

आणि ती फाटकाकडे निघाली.